मध्यवर्ती हॉटेल ही उधळपट्टी? कागरानच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

‘काका म्हणालीस तरी चालेल’ असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून तसंच म्हणते. प्रतिक्रिया चांगली लांबलचक आणि रोखठोक आहे. तिला ‘धन्यवाद, आपल्या मताचा आदर आहे’ एवढं टेकवून सुटणं मला जमणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांच्या वाचनात ती आली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. व्हिएन्नातल्या तीन रात्रींबद्दल लिहिताना मी म्हटलं होतं की इतक्या छोट्या सहलीत हॉटेल शहराच्या मध्यात घ्या, काटकसर दुसरीकडे करा. काकांना ते अजिबात पटलेलं नाही. हॉटेल फक्त पाठ टेकायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. ते, काकू, मुलगी आणि जावई शहराच्या कडेच्या कागरान भागात राहिले, दोन खोल्यांचे मिळून रात्रीला शंभर युरो वाचले आणि मेट्रोने पंधरा मिनिटांत स्टेफान्सप्लाट्झला, म्हणजे शहराच्या मधोमध असलेल्या कॅथेड्रलच्या चौकात, पोचत होते. त्यांच्या मते मध्यात नुसता गोंगाट असतो, लुबाडणूक असते. मी मध्यमवर्गीय वाचकाला उधळपट्टी शिकवते, हा आरोप. रोमलाही ते हाच हिशोब लावणार आहेत. आणि जाता जाता एक प्रश्न: ‘हॉटेलवाले तुला काही देतात का?’

तर शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही देत. हॉटेलांची नावं मी लेखात घालतच नाही, फक्त मोहल्ले सांगते, त्यामुळे देणार तरी कोण!

आता व्हिएन्ना. काका, तुम्ही वादासाठी नेमकं ते शहर निवडलंत जिथे तुमची बाजू सगळ्यात भक्कम आहे. कागरान मेट्रोच्या यू१ मार्गावर आहे, तिथून स्टेफान्सप्लाट्झ आठवं स्थानक, गाडीतला वेळ पाव तासाच्याही आत. गाड्या लागोपाठ येतात. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री मेट्रो रात्रभर चालते, २०१० पासून. कागरानला स्थानकाजवळच मोठा मॉल आहे, डॅन्यूबचं जुनं पात्र एका स्थानकावर. आठवडाभर राहणाऱ्या कुटुंबाला मी स्वतः तिकडे पाठवेन. पण लेख आठवड्याचा नव्हता, तीन रात्रींचा होता, आणि आपलं भांडण तिथेच आहे.

पाव तास हा गाडीतला वेळ. हॉटेलच्या दारापासून स्थानकापर्यंत चालणं, फलाटावर जाणं, गाडीची वाट पाहणं, उतरल्यावर सरकत्या जिन्याने वर येणं, आणि चौघांतल्या एकाचा चष्मा खोलीत राहिला म्हणून परत जाणं, हे सगळं धरलं की अर्धा तास होतो. सकाळी अर्धा, रात्री अर्धा, त्याचं काहीच नाही. तक्रार दुपारची आहे. अर्ध्या तासावरच्या खोलीवर दुपारी कुणीही परत जात नाही. माणूस सकाळी नऊला बाहेर पडतो तो रात्री नऊलाच खोलीवर येतो, अंगावर तेच कपडे, खांद्यावर तीच पिशवी, पिशवीत चौघांचे स्वेटर.

तुमच्याच प्रतिक्रियेतलं एक वाक्य बघा: ‘हिला दुपारी थकवा यायचा, मग आम्ही कुठेतरी कॅफेत बसायचो.’ व्हिएन्नाच्या जुन्या कॅफेत एका कॉफीवर दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही, सोबत पाण्याचा पेलाही मिळतो, हे मला ठाऊक आहे. तरीही कॅफेच्या खुर्चीवर काकूंना बूट काढून आडवं होता येत नाही. गोळ्या खोलीवर राहिलेल्या असतात. बाथरूमचं तर बोलायलाच नको. साठीपुढच्या माणसांना घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं, पण प्रवासवर्णनात कुणी लिहीत नाही.

मध्यात राहण्याचे जादा पैसे आपण या दुपारसाठी मोजतो. दीडला परत यायचं, बरोबर आणलेलं काही खायचं, तासभर डोळा लावायचा आणि चारला ताज्यातवान्या पायांनी बाहेर पडायचं, की संध्याकाळ पुन्हा पूर्ण आपली. डिसेंबरात तर याची किंमत दुप्पट होते. चार वाजून गेले की सूर्य मावळतो आणि राटहाउसपुढचा, म्हणजे नगरभवनासमोरचा, नाताळबाजार खरा खुलतो तो अंधारातच. बारा तास थंडीत काढून तिथे पोचलेला माणूस काय बघणार?

शंभर युरोंचं म्हणाल, तर ते खरेच पैसे आहेत. तीन रात्रींचे तीनशे, म्हणजे आपले तीसेक हजार रुपये. ते ‘काही नाही’ असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. पण तुम्ही कागरानची तुलना थेट स्टेफान्सप्लाट्झशी केलीत. मी मध्य म्हटलं म्हणजे कॅथेड्रलची सावली म्हटलं नव्हतं.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण व्हिएन्नात हॉटेल शोधायला तोच उपयोगी पडतो. शहराला दोन तटबंद्या होत्या. आतली तटबंदी पाडायचा हुकूम सम्राट फ्रान्झ योझेफने १८५७ मध्ये काढला आणि तिच्या जागी रिंग हा रुंद रस्ता झाला, त्याचं उद्‍घाटन १८६५ मध्ये. रिंगच्या आतला तो पहिला जिल्हा, तीनेक चौरस किलोमीटरचा. बाहेरची तटबंदी अठराव्या शतकाच्या सुरुवातीची. ती जिथे होती तिथे आज गुर्टेल हा रहदारीचा रस्ता आहे. रिंगच्या आत राजे-सरदार, गुर्टेलच्या आत कारागीर आणि व्यापारी. माझा मध्य या दोन भिंतींच्या दरम्यान आहे: चौथा, सहावा, सातवा जिल्हा, शिवाय कालव्यापलीकडचा दुसरा. इथून रिंगपर्यंत चालत जाता येतं, कंटाळा आला तर मेट्रोची दोन-तीन स्थानकं. दर कागरानपेक्षा जास्त असतात, पण पहिल्या जिल्ह्याच्या तुलनेत बरेच खाली. तुमचे शंभर युरो इथे शंभर राहत नाहीत.

आणि जिल्हा ओळखायला नकाशाही लागत नाही. व्हिएन्नाच्या चार आकडी पिनकोडातले मधले दोन आकडे म्हणजे जिल्हा. १०१० पहिला, १०७० सातवा, ११०० दहावा. तुमचं कागरान १२२०, म्हणजे बावीसावा. हॉटेलच्या नावात ‘सिटी’ किंवा ‘सेंट्रल’ असलं तरी पत्त्यातला आकडा खोटं बोलत नाही. आपल्याकडे बिल्डरच्या जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असतं ना, तेवढाच त्या नावाचा भरवसा. बुकिंगच्या संकेतस्थळांवरचं ‘केंद्रापासून इतके किलोमीटर’ हेही बहुतेक वेळा सरळ रेघ ओढून मोजलेलं असतं. रेघेच्या मध्ये नदी येते का, रेल्वेचं यार्ड येतं का, हे ती रेघ सांगत नाही.

एक अपवाद मी लेखात दिला होता, तो तुमच्या नजरेतून सुटलेला दिसतो. म्युनिक किंवा साल्झबुर्गहून रेल्वेने येणार असाल आणि एखाद्या दिवशी शेजारच्या स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाला जाऊन यायचं असेल, तर मुख्य स्थानकाजवळचं हॉटेल दहाव्या जिल्ह्यात असलं तरी घ्या. तिथून स्टेफान्सप्लाट्झ यू१वरचं तिसरंच स्थानक. डी ट्राम बेल्वेडेअर राजवाड्यावरून थेट रिंगला नेते. विमानतळाची गाडीही तिथे पाव तासात येते. आणि रविवारी अख्ख्या शहरातली सुपरमार्केटं बंद असताना मोठ्या स्थानकांतली उघडी असतात. शनिवारी रात्री पोचून रविवारी सकाळी दूध-दही शोधत फिरणारी मराठी कुटुंबं मी पाहिली आहेत. नाशमार्क्ट या मोठ्या बाजारात जावं तर तोही रविवारी बंद.

गोंगाटाबद्दल तुमचं म्हणणं ऐकीव वाटतं, रागावू नका. पहिल्या जिल्ह्यातले बहुतेक रस्ते रात्री दहानंतर इतके शांत होतात की आपल्याच बुटांचा आवाज येतो. श्वेडेनप्लाट्झजवळच्या बारच्या गल्ल्या सोडा, तिथे शनिवारी झोप लागणार नाही. खरा आवाज गुर्टेलवर आहे: कित्येक पदरी रस्ता, आणि मधून उंचावरून धावणारी यू६ मेट्रो. गंमत म्हणजे ‘स्वस्त आणि मध्यवर्ती’ म्हणून गाजणारी हॉटेलं बऱ्याचदा तिथेच असतात. ती घ्यायची तर आतल्या चौकाकडे उघडणारी खोली मागून घ्या. जुन्या इमारतींत तो चौक असतोच.

जुन्या इमारतींचा विषय निघालाच आहे, तर दोन गोष्टी आणखी विचारून घ्या. पहिली लिफ्ट. व्हिएन्नाच्या जुन्या घरांत तळमजल्याच्या वर ‘होख्पार्टेर’ आणि मग ‘मेझानिन’ असे दोन मजले असू शकतात, आणि पहिला मजला त्यानंतर मोजायला सुरुवात होते. हॉटेल ‘दुसरा मजला’ म्हणतं तेव्हा चढायचे चार असू शकतात. दुसरी एसी. पारा पस्तिशीला जाण्याचे दिवस तिथे आता नवे राहिले नाहीत, आणि जाड भिंतींच्या भरवशावर एसी न बसवलेली हॉटेलं अजून पुष्कळ आहेत. मुंबईच्या माणसाला वाटतं युरोपात कसला एसी लागतोय. जुलैच्या रात्री तिसऱ्या प्रहरी समजतं.

लुबाडणुकीबद्दल मात्र काकांशी शंभर टक्के सहमत. रिंगच्या आत चौकाचौकातल्या, फोटोवाल्या मेनूच्या जागी जेवू नका. पण मध्यात झोपायचं म्हणजे मध्यातच जेवायचं असं थोडंच आहे? सातव्या जिल्ह्यात शाकाहारी माणसाला पुष्कळ पर्याय आहेत, आणि नाशमार्क्टच्या आसपास भारतीय जेवणही मिळतं. पाण्याची बाटली तर विकत घेऊच नका. नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, १८७३ पासून. काटकसर करायची ती इथे करा.

आता रोम. तुम्ही ऑक्टोबरात चार रात्री जाताय आणि बाहेरच्या वर्तुळाकार महामार्गाजवळ खोली घेतली आहे, ‘केंद्रापासून फक्त बारा किलोमीटर’. काका, खरी काळजी मला याची आहे. व्हिएन्नात तुमचा हिशोब चालला तो मेट्रोच्या जोरावर, आणि रोमकडे तसली मेट्रो नाही. मार्ग तीनच. जमिनीखाली खणायला घेतलं की अडीच हजार वर्षांचं काहीतरी हाती लागतं आणि काम थांबतं. सी मार्गाच्या कामात तर रोमन सैनिकांच्या बराकी निघाल्या होत्या. पँथिऑन, पियात्सा नव्होना, त्रास्तेव्हेरे, जिथे तुम्ही संध्याकाळ घालवणार, तिथे मेट्रोचं स्थानकच नाही. पुढे बस किंवा पायी, आणि पायाखाली सगळीकडे ते काळे दगडी चौकोन, काकूंच्या गुडघ्यांचे वैरी. शुक्रवार-शनिवार सोडले तर मेट्रो रात्री साडेअकराच्या सुमारास मिटते. महामार्गाजवळच्या हॉटेलवर त्यानंतर टॅक्सीनेच जावं लागेल, आणि वाचवलेले पैसे चार रात्रींत तिथे जातील.

रोममध्येही जुनी भिंतच बघा. सम्राट ऑरेलियनने २७१ मध्ये बांधायला घेतलेली तटबंदी बऱ्याच ठिकाणी अजून उभी आहे, आणि फ्युमिचिनो विमानतळावरून टॅक्सीचं ठरावीक भाडं आजही ‘ऑरेलियन भिंतीच्या आत’ या हिशोबाने लागतं. भिंतीच्या आत असाल तर मीटर नाही, घासाघीस नाही. बाहेर असाल तर बहुधा मीटर.

पँथिऑनच्या शेजारी राहा असं मी म्हणत नाही, ते मलाही परवडत नाही. तेर्मिनी स्थानकाच्या मागचा एस्क्विलिनो, त्याला लागून मोंती, किंवा सान जोव्हान्नी, जिथे ए आणि सी मार्ग मिळतात. व्हॅटिकन हा मुख्य हेतू असेल तर ओत्ताव्हियानो किंवा लेपांतो स्थानकाजवळ, प्राती भागात. प्राती भिंतीच्या बाहेर येतं, पण सपाट आहे, चालायला सोपं आहे आणि नदी ओलांडली की जुनं शहर. तेर्मिनीजवळ उतरलात तर विमानतळावरून लिओनार्दो एक्सप्रेस बत्तीस मिनिटांत थेट आणून सोडते, मध्ये कुठे बदलायला लागत नाही. स्थानकाला अगदी चिकटून असलेल्या गल्ल्या रात्री मला आवडत नाहीत; सांता मारिया माज्जोरेच्या बाजूला सरका. दरांची तुलना करताना नगरपालिकेचा मुक्कामकर वेगळा धरा. तो माणशी, रात्रीमागे, हॉटेलच्या ताऱ्यांप्रमाणे लागतो आणि बहुधा हॉटेलवरच भरायचा असतो. चौघांचे चार रात्रींचे मिळून आकडा दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही.

तुमच्या बुकिंगवर ‘विनाशुल्क रद्द’ लिहिलंय का आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे आज बघून घ्या. मुदत असेल तर दोन-तीन हॉटेलांचे पत्ते इथेच खाली टाका. नकाशावर बघून प्रत्येकाबद्दल सांगते. मुदत उलटून गेली असेल तर निदान हॉटेलपासून सर्वांत जवळचं मेट्रो किंवा रेल्वे स्थानक कोणतं ते कळवा, म्हणजे रात्रीच्या परतीचा मार्ग आधीच बघून ठेवता येईल.