आशाताई आणि ते ४५ चं कोडं

मावसभावाने काल परत ते 'ब्रिमफुल ऑफ आशा' गाणं पाठवलं, खाली "बघ, गोऱ्यांनी आपल्या आशाताईंवर गाणं केलंय". अरे गोऱ्यांनी नाही रे बाबा. कॉर्नरशॉप हा इंग्लंडचा बँड, गाणं लिहिणारा तजिंदर सिंग पंजाबी घरातला. 'ब्रिमफुल ऑफ आशा' १९९७ ला आलं तेव्हा कोणी फार विचारलं नाही, मग फॅटबॉय स्लिम या ब्रिटिश डीजेने स्पीड वाढवून रिमिक्स केलं आणि १९९८ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये थेट एक नंबर.

आता त्यात सारखं ४५, ४५ येतं. कॉलेजात मला ते आशाताईंचं वय वाटायचं (हसू नका), एक मित्र तर म्हणायचा पिस्तूल असणार. पुढे मामाच्या माळ्यावर छोट्या तबकड्यांचं खोकं निघालं, लेबलवर ४५ आरपीएम, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे, तेव्हा ट्यूब पेटली.

पण गाण्यातली बाकीची नावं? रफीसाहेब, लतादीदी समजू शकतो. त्यांच्याच रांगेत मार्क बोलन हा ब्रिटिश रॉक गायक, जाक द्युत्राँ नावाचा फ्रेंच गायक, ट्रोजन ही रेगेवाली कंपनी, ऑल इंडिया रेडिओ, फर्ग्युसन मोनो (कॉलेज नाही, रेडिओ-प्लेयरवाली ब्रिटिश कंपनी), म्हणजे काय भेळ आहे ही! भाऊ म्हणतो उगाच मोठी नावं घेतलीत. मला नाही पटत. मला ते एका घरातलं रेकॉर्डचं कपाट वाटतं, आईबाबांच्या तबकड्या आणि पोराच्या तबकड्या एकाच फळीवर. त्यात आशाताईंची माहिती म्हणाल तर शून्य, पडद्यामागून गाणारी 'साडी राणी' म्हणजे पंजाबीत आमची राणी, बस. आणि ती छातीची उशी करायची ओळ, जिच्यावर आम्ही पोरं खिदळायचो, ती आता आईच्या कुशीची वाटते.

खरी गंमत नावातच आहे. ब्रिमफुल ऑफ आशा, म्हणजे आशेने काठोकाठ भरलेलं. तिकडे नाचणाऱ्या पब्लिकला आशा हा नुसता आवाज, आणि आपल्याला? आपण आयुष्यभर आशाताई आशाताई म्हणतो पण त्या नावाचा अर्थ कधी कानावर येतो का? मला तरी तो एका इंग्लिश गाण्यात पहिल्यांदा ऐकू आला, आणि तेही पंजाब्याच्या पोराकडून. भाऊ विचारतो मग नक्की काय, बाई की उमेद? अरे दोन्ही, म्हणून तर ते गाणं जमलंय ना.

असो. मामाच्या खोक्यात आशाताईंच्या तीन तबकड्या आहेत पण प्लेयरची सुई गेलीये. पुण्यात कुठे मिळत असेल तर इनबॉक्स करा प्लीज.