रेल्वे विकली म्हणे! कुठल्या कलमाने?

सोलापुरात सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. रेल्वेचा कायदा बदलला, रेल्वेचा कारभार बघणारं बोर्ड खासगी कंपन्यांच्या हातात गेलं, तिकिटाचे दर आता त्याच ठरवणार, ज्येष्ठांची सवलत यातच गेली आणि रेल्वेचा सोलापूर विभागही मोडणार. खाली ‘पुढे पाठवा’ आहेच.

आधी बोर्डाचं बघू. रेल्वे सुधारणा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत आणि मार्च २०२५ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं. रेल्वे बोर्डासाठी १९०५ चा वेगळा कायदा होता. तो रद्द करून बोर्डाची तरतूद १९८९ च्या रेल्वे कायद्यात घातली. सदस्य किती, त्यांची पात्रता काय, नेमायचे कसे, हे केंद्र सरकार ठरवणार. कंपन्यांचं नावही त्यात नाही. आणि खासगी गाड्या आणायला कायदा बदलावा लागतो, हे कुणी सांगितलं? २०२० मध्ये १५१ खासगी गाड्यांसाठी अर्ज मागवले होते, तेही जुन्याच कायद्याखाली. ती योजना बारगळली, हा भाग वेगळा. बाकी खरीखुरी कंपनीची रेल्वे आपल्या जिल्ह्याने बघितलेली आहे: कुर्डुवाडीची बार्शी लाईट. ती १९५४ मध्ये सरकारने घेतली.

आता दर. इथे मेसेज नुसता चुकत नाही, पार उलटं सांगतो. १९८९ च्या कायद्याचं कलम ३० भाडं ठरवायचा अधिकार केंद्र सरकारला देतं आणि नव्या दुरुस्तीने त्याला हात लावलेला नाही. जुलै २०२५ मध्ये बिगर-एसी मेल-एक्सप्रेसचं भाडं किलोमीटरमागे १ पैसा आणि एसीचं २ पैसे वाढलं, ते रेल्वे मंत्रालयानेच. गाडी चालवणारं सरकार, भाडं ठरवणारं सरकार आणि तक्रार ऐकणारंही तेच. यावर तोडगा म्हणून रेल्वे सुधारणांसाठी नेमलेल्या बिबेक देबरॉय समितीने २०१५ मध्ये स्वतंत्र नियामक, म्हणजे सरकारबाहेरचा पंच, सुचवला होता. २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने रेल्वे विकास प्राधिकरणाला मंजुरी दिली, पण फक्त सल्ला देण्यापुरती. नव्या कायद्यात नियामकाचा पत्ताच नाही. ओरडायचं तर यावर ओरडा की हो! पण ‘नियामक नेमला नाही’ असा मेसेज कोण पुढे पाठवणार?

ज्येष्ठांच्या सवलतीबद्दलचा राग मात्र शंभर टक्के खरा. साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांपुढच्या महिलांना ५० टक्के सूट होती. आता आरक्षणाच्या फॉर्मवर वय ७२ लिहा नाहीतर २७, सिद्धेश्वर एक्सप्रेसचं भाडं तेवढंच. पण ही सवलत मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या नावाखाली बंद झाली. ती परत द्यायला आजही कायदा आडवा येत नाही. मंत्रालयाने मनावर घेतलं की झालं.

राहिला विभाग. सोलापूर विभागातल्याच कलबुर्गीला वेगळा विभाग हवा ही मागणी जुनीच आहे, त्यामुळे सोलापूरकरांची धास्ती अगदीच बिनबुडाची नाही. पण हद्दी बदलायला संसदेत जावं लागत नाही. दौंड सोलापूर विभागातून पुणे विभागात गेलं, तेव्हा हे विधेयक मांडलंही गेलं नव्हतं.