फोटोभोवतीचं हिरवं कडं

ब्रेमेनला राहायला येऊन मला ११ वर्षं झाली. पुण्यात औंधच्या ब्रेमेन चौकातून जाताना मावशी दर वेळी म्हणते, "बघ, तुझं गाव आलं." यंदा ती गप्प होती, कारण घरात वाद पेटला होता. माझ्या मावसबहिणीने लिंक्डइनवरच्या फोटोभोवती हिरवं कडं लावावं की नाही?

हिरवं कडं म्हणजे 'मी नोकरी शोधते आहे' अशी जाहीर खूण. बहीण पॉलिमर रसायनशास्त्रात पीएचडी आहे आणि तिच्या संशोधन प्रकल्पाचा करार संपत आला होता. काका म्हणाले, "एवढी शिकलेली मुलगी गळ्यात पाटी अडकवून फिरणार? काम चांगलं असेल तर बोलावणं येतं." तिचा धाकटा भाऊ हिंजवडीत आहे. त्याचं उलटं मत, "बाबा, ज्याला लोक ओळखतात त्यालाच बोलावणं येतं. रोज काहीतरी पोस्ट करायला हवं." मग दोघेही माझ्याकडे वळले, "तू सांग, तुमच्याकडे कसं असतं?"

आमच्याकडे, म्हणजे जर्मनीत, नोकरी सोडताना मालकाकडून लेखी प्रमाणपत्र मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. त्याची भाषासुद्धा ठरून गेलेली आहे. नुसतं 'आमचं समाधान झालं' असं लिहिलं असेल तर वाचणारा समजतो, हा जेमतेम पास. 'नेहमीच' आणि 'पुरेपूर' हे दोन शब्द त्यात असावे लागतात. त्यामुळे इथे काम बोलतं असं वाटतं, आणि मलाही वाटायचं. पण ते प्रमाणपत्र मिळायला आधी इथे नोकरी लागते! पहिल्या सात महिन्यांत माझ्या अर्जांना छापील नकारांपलीकडे काही आलं नाही. माझं कॉलेज पुण्यात कितीही नावाजलेलं असो, इथे ते कुणाच्या कानावरून गेलेलं नव्हतं. शेवटी झिंगवर, म्हणजे हॅम्बुर्गमध्ये २००३ साली सुरू झालेल्या इथल्या व्यावसायिक नेटवर्कवर, एका परिषदेत एकदाच भेटलेल्या गृहस्थांना लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं. त्यात कुठल्या विभागात माणसं हवी आहेत आणि कुणाला लिहायचं, एवढंच होतं. त्या दोन ओळींवर माझं इथलं आयुष्य उभं आहे.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली हेच मांडलं होतं. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात नोकरी बदललेल्या शिकलेल्या लोकांना त्यांनी विचारलं, ज्याच्याकडून नोकरीची बातमी कळली तो तुम्हाला कितीदा भेटायचा? ओळखीतून नोकरी मिळालेल्या दर सहांपैकी पाच जण म्हणाले, अधूनमधून किंवा क्वचितच. जवळच्या माणसांना आपल्याला ठाऊक असतं तेच ठाऊक असतं, नवी बातमी लांबचा माणूस आणतो. पुढे लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांवर पाच वर्षं झालेल्या प्रयोगांतूनही थोड्या लांबच्या ओळखींचं पारडं जड निघालं. (आपण प्रयोगात आहोत हे त्या लोकांना सांगितलं नव्हतं, हे मला आजही खटकतं.)

म्हणून काकांचं म्हणणं मला पटलं नाही, आणि ते मी त्यांना सांगितलं. काकांचा जन्म सदाशिवातला, शाळेतले मित्र आज कुणी कारखानदार, कुणी प्राध्यापक. "मी कधी कुणाकडे मागायला गेलो नाही," असं ते अभिमानाने म्हणतात. त्यांना मागावं लागलं नाही, कारण ओळख घरातच होती. नांदेडहून, लातूरहून येऊन पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या मुलीकडे ती नसते. तिच्यासाठी हे नेटवर्क म्हणजे वाडा आणि कट्टा दोन्ही आहे, त्याला पाटी म्हणून हिणवू नये.

पण भावाचंही पटलं नाही. 'कळवताना अत्यंत आनंद होतो की' अशी सुरुवात, दोन दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट, खाली दोनशे अभिनंदनं. त्या दोनशेंपैकी हिचं काम नेमकं काय आहे हे किती जण सांगू शकतील? आणि हातात नोकरी असताना जाहीर कडं लावणं पुण्याच्या आयटीत जोखमीचंच आहे. ९० दिवसांचा नोटीस पीरियड असलेल्या माणसाने साहेबाच्या डोळ्यांवर येऊन कसं चालेल? कडं न लावता, आपण नोकरी शोधतो आहोत हे फक्त रिक्रूटर्सना दिसावं अशी सोय आहे, पण आपल्या कंपनीला कळणार नाही याची हमी लिंक्डइनसुद्धा देत नाही.

रात्री जेवणाच्या टेबलावर बहिणीने लॅपटॉप उघडला. एका कंपनीतल्या संशोधकाला लिहिलेला मेसेज होता: 'आदरणीय सर, सोबत बायोडेटा जोडला आहे, योग्य संधी असल्यास कळवावे.' मी म्हटलं, "हा मेसेज कुणीही कुणालाही पाठवू शकेल. तुझ्याशिवाय कुणी लिहू शकणार नाही असं काहीतरी लिही." ती बराच वेळ गप्प होती. मग तिने पीएलए या कुजणाऱ्या प्लास्टिकबद्दल लिहिलं: 'तुमचा पीएलए फिल्मवरचा शोधनिबंध वाचला. आमच्याकडे तीन आठवड्यांत फिल्म ठिसूळ झाली, प्लास्टिसायझर पृष्ठभागावर येत होता. तुम्ही साठवणीचं तापमान किती ठेवलं होतं?' नोकरीचा उल्लेख शेवटच्या ओळीत, एकदाच.

कडं तिने लावलं नाही. मला त्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं.

मला पुण्याहून, सोलापूरहून अनोळखी मुलामुलींचे मेसेज येतात. पूर्वी मी ते न वाचता सोडून द्यायचो. आता रविवारी सकाळी तासभर बसून उत्तरं देतो, निदान 'या विभागात नाही, त्या विभागात विचार' एवढं तरी. परदेशात स्थिरावलेल्या प्रत्येक मराठी माणसाकडून मला हीच अपेक्षा आहे, कारण आपल्यालाही कुणीतरी उत्तर दिलं होतं.

बहिणीला उत्तर नवव्या दिवशी आलं, तोवर मी ब्रेमेनला परतलो होतो. जागा सध्या नव्हती, पण त्या गृहस्थांनी तापमान कळवून तिच्या नमुन्यांची जाडी विचारली होती आणि पुढच्या आठवड्यात बोलायची वेळ मागितली होती. फोन काकांचा आला. चष्मा लावून त्यांनी तो मेसेज मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, आणि मग विचारलं, "हे प्लास्टिसायझर म्हणजे काय रे?"