जिल्ह्याचा फॅसेट एकच ठेवू नका

जुनी कागदपत्रं स्कॅन करून शोधचौकट दिली की काम झालं, असं एका लेखात म्हटलंय; ते अर्धंच खरं. बाजूला जिल्हा, वर्ष, लिपी, दस्तप्रकार असे फॅसेट, म्हणजे निकाल गाळायचे आणि समोर दस्तांची संख्या दाखवणारे पर्याय, हवेतच. पण मराठवाड्यात घोळ होतो तो जिल्ह्यात. हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत, लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत. म्हणून 'तेव्हाचा जिल्हा' आणि 'आजचा जिल्हा' अशी दोन फील्ड ठेवा. उस्मानाबाद-धाराशिव ही नावं एकाच संकेतांकाला जोडा, नाहीतर एकाच जिल्ह्याची मोजणी दोन ओळींत फुटते.

निजामकालीन दस्तांवर फसली सन, म्हणजे महसुली कालगणनेचं वर्ष, असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण फसली वर्ष दोन इसवी वर्षांत पसरतं. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. तेव्हा एक आकडा नको, 'पासून-पर्यंत' साठवा.

अपाची सोलर हे शोधाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर फॅसेटचं फील्ड स्ट्रिंग (अख्खा मजकूर एकसंध ठेवणाऱ्या) प्रकारचं हवं. टेक्स्ट (शब्द सुटे करणारं) ठेवलं तर 'खासरा पाहणीपत्रक' या जमिनीच्या दस्तप्रकाराचे दोन तुकडे यादीत दिसतात. शून्य निकालाचे पर्याय लपवा. आणि लिपी ओळखायचं काम ओसीआरवर, म्हणजे चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या प्रोग्रामवर, सोडू नका. मोडीची पानं तो बिनदिक्कत देवनागरीत टाकतो. ते माणसानंच भरावं, गठ्ठ्यागणिक भरलं तरी चालतं.