हृदयाचे कप्पे म्हणजे इयत्ता नव्हेत

पालकांच्या आणि दहावी-बारावीच्या व्हॉट्सॲप गटांत एक तक्ता सारखा फिरत असतो. माशाच्या हृदयाला २ कप्पे, बेडकाच्या ३, सरपटणाऱ्यांच्या ‘साडेतीन’, माणसाच्या ४. खाली ठळक अक्षरांत: निसर्ग हृदय सुधारत सुधारत माणसापर्यंत पोचला, बाकीच्यांची हृदयं अर्धवट, कीटकांना तर रक्तही नाही. कप्प्यांचे आकडे ढोबळमानाने बरोबर आहेत. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे, आणि मुलं नेमका तोच पाठ करतात याचं वाईट वाटतं.

‘२ कप्पे म्हणजे कमकुवत हृदय.’ माशाच्या हृदयातून निघालेलं रक्त कल्ल्यांत ऑक्सिजन घेतं आणि तसंच पुढे शरीरभर फिरून परत येतं. फेरा एकच, त्यामुळे दुसऱ्या पंपाची गरजच पडत नाही. ट्यूना याच रचनेवर महासागर पार करतो. मासळीबाजारात घमेल्यातल्या थोड्याशा पाण्यात जिवंत ठेवलेली मरळ नीट पाहा. मधूनच तोंड वर काढून ती हवा घेते. ही हवा कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत जाते. तिला वर येऊच दिलं नाही, तर मासा असूनही ती पाण्यात गुदमरते. हवेवर जगणाऱ्या या माशाचं कामही २ कप्प्यांवर भागतं.

‘३ कप्प्यांत चांगलं-वाईट रक्त मिसळतं, हा दोष आहे.’ हा मुद्दा सर्वांत जास्त फसवा आहे. बेडकाच्या एकाच निलयात (रक्त बाहेर ढकलणाऱ्या खालच्या कप्प्यात) दोन्ही अलिंदांतलं (रक्त घेणाऱ्या वरच्या कप्प्यांतलं) रक्त उतरतं हे खरं. पण आतल्या स्नायूंच्या खाचाखोचा आणि बाहेर पडणाऱ्या नळीतला पिळदार पडदा यांमुळे ते बऱ्याच अंशी वेगळंच राहतं. शिवाय बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो, आणि त्वचेकडून येणारं ऑक्सिजनयुक्त रक्त उतरतं ते उजव्या अलिंदात. बेडूक बराच वेळ पाण्याखाली बसला की फुप्फुसांचं काम थांबतं आणि ऑक्सिजन येतो तो या उजव्या बाजूनेच. मधे पक्की भिंत असती, तर हे रक्त सरळ शरीराकडे जाऊच शकलं नसतं. ज्याला दोष म्हणतात, ती बेडकाची सोय आहे. म्हणून असा तक्ता करताना ‘रक्ताला ऑक्सिजन कुठे मिळतो’ हा रकाना हवाच. त्याशिवाय कप्प्यांच्या आकड्याला अर्थ नाही.

आणि माणसाचं काय? गर्भात असताना आपल्याही दोन अलिंदांमधे एक भोक असतं. ऑक्सिजन नाळेतून मिळत असल्यामुळे बरंचसं रक्त फुप्फुसं टाळून त्यातून पुढे जातं. जन्मानंतर पहिला श्वास घेतला की ते मिटू लागतं.

‘४ कप्पे हे शेवटचं टोक.’ मग सांगलीजवळ कृष्णेच्या काठावर ऊन खात पडलेली मगर कुठे बसवायची? तिचं हृदय पूर्ण ४ कप्प्यांचं आहे. वर आणखी एक सोय आहे: तिच्या उजव्या निलयातून फुप्फुसाच्या धमनीसोबत एक महाधमनीही निघते. फुप्फुसाकडच्या वाटेवर दातेरी झडप असते. ती आवळली की रक्त फुप्फुसं टाळून या महाधमनीतून शरीराकडे वळतं. हे आपल्या हृदयाला जमत नाही. पक्ष्यांचं हृदयही ४ कप्प्यांचं, पण त्यांची महाधमनी उजवीकडे वळते, आपली डावीकडे. त्यांची आणि आपली वंशरेषा ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झाली, आणि दोन्हीकडे ४ कप्पे स्वतंत्रपणे आले. एकाच शिडीच्या या पायऱ्या नव्हेतच.

‘कीटकांना रक्त नाही.’ आहे, ते लाल नसतं, एवढंच. झुरळाच्या पाठीतून १३ कप्प्यांची लांबट नळी जाते, तेच त्याचं हृदय. कप्पेच मोजायचे तर झुरळ माणसाच्या कितीतरी वर जाईल. त्याचं रक्त शरीराच्या पोकळीत मोकळं फिरतं आणि अन्नरस पोचवतं. ऑक्सिजन पेशींपर्यंत नेणाऱ्या हवेच्या बारीक नळ्या वेगळ्याच असतात, म्हणून त्याला हिमोग्लोबिन लागत नाही. खेकड्याच्या आणि माकुळाच्या रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या द्रव्यात लोहाऐवजी तांबं असतं, त्यामुळे ते निळसर दिसतं.

लाल रक्ताशिवाय पाठीचा कणा असलेला प्राणीही जगू शकतो. अंटार्क्टिकातल्या आइसफिश माशांच्या रक्तात हिमोग्लोबिन नसतं. ते जवळजवळ पारदर्शक दिसतं. नॉर्वेच्या योहान रूड यांनी १९५४ मध्ये याचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. शून्याखाली तापमान गेलेल्या खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर विरघळतो. तो नुसत्या रक्तद्रवातून वाहून नेण्यासाठी या माशांचं हृदय आकाराने मोठं, रक्त जास्त आणि रक्तवाहिन्या रुंद असतात. त्यांच्या पूर्वजांकडे हिमोग्लोबिन होतं. या कुळाने ते मागाहून गमावलं.