काळ्या स्क्रीनवर कोणाचा बळी जात नाही, मावशी

मंगळवारी रात्री अकराला अमळनेरहून मावशीचा व्हॉइस मेसेज आला. पहिले दहा सेकंद नुसता उसासा, मग, "भाऊ, मन्हा पोऱ्या हाताबाहेर गया रे. तू तरी देख." मावशी रागावली की मराठीत बोलते आणि घाबरली की अहिराणीत, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून उठून बसलो. मागोमाग तो फॉरवर्ड आला, दुहेरी बाणाचा, म्हणजे अर्धा महाराष्ट्र फिरून आलेला.

'सावधान पालकहो' अशी सुरुवात आहे. सार असं: तुमचा मुलगा रात्री काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं टाइप करत असेल तर तो लिनक्स वापरतोय. लिनक्स हे हॅकरांचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं कारण ते माहिती चोरतं, सरकारनं त्यावर बंदी घातलीय. त्यात 'डीमन' म्हणजे सैतान असतो आणि ते मुलाचा बळी मागतं, पुराव्याचा फोटो सोबत. असली मुलं जपानी कार्टून बघतात, ज्यानं जपानमध्ये एका दिवसात ६८५ मुलं मेली. शेतकऱ्याच्या पोरांना हे उद्योग कशाला? ताबडतोब लॅपटॉप दुकानात नेऊन फॉरमॅट मारा, नाहीतर पालकांवरही गुन्हा दाखल होईल. दहा ग्रुपवर पाठवा.

यातल्या फॉरमॅटच्या सल्ल्यावर मावशीनं त्याच दुपारी अंमल करून टाकला होता. त्याकडे येतोच. आधी बळीचं बघू, कारण मावशीची झोप उडाली ती तिथं.

फोटोत काळी स्क्रीन आहे आणि एका ओळीभोवती लाल गोल. ओळ अशी: 'आउट ऑफ मेमरी: किल प्रोसेस २४१७ (फायरफॉक्स) स्कोअर ६१२ ऑर सॅक्रिफाइस चाइल्ड'. खाली कोणीतरी भाषांतर केलंय, 'मारून टाक, नाहीतर मुलाचा बळी दे'.

आता मला कबूल करायला जिवावर येतंय, पण ही ओळ बनावट नाही. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी एक सिस्टीम, आणि जुन्या लिनक्समध्ये ही ओळ याच शब्दांत यायची. फक्त तिचा अर्थ असा: कॉम्प्युटरवर चालू असलेल्या प्रत्येक कामाला प्रोसेस म्हणतात. एका प्रोसेसनं दुसरी सुरू केली की पहिली पॅरेंट आणि दुसरी चाइल्ड. फायरफॉक्ससारख्या ब्राउझरमध्ये ढीगभर टॅब उघडले की त्याला ढीगभर पोरं होतात. लॅपटॉपची रॅम ४ जीबी, वर व्हिडिओ चालू, आणि मेमरी संपली. अशा वेळी अख्खी मशीन गोठू द्यायची नसेल तर कोणाला तरी बाहेर काढावं लागतं. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, मग सगळ्यांना हजारपैकी गुण देतो. जो जास्त मेमरी खातो त्याला जास्त गुण, आणि ज्याचा पहिला नंबर त्याची विकेट. ६१२ म्हणजे ढोबळमानानं साठ टक्के मेमरी एकटा फायरफॉक्स खाऊन बसला होता. त्यातही जुना नियम दयाळू होता. अख्खा फायरफॉक्स बंद करण्याआधी त्याच्या पोटातलं एखादं चाइल्ड बंद करून भागतंय का ते बघायचं, म्हणजे नुकसान कमी. हाच तो 'बळी'.

खान्देशातल्या माणसाला हे समजवावं लागू नये. उन्हाळ्यात लोड वाढला की अख्खं सबस्टेशन बसू नये म्हणून एक फीडर बंद करतात. त्याला आपण भारनियमन म्हणतो, नरबळी म्हणत नाही. शिव्या देतो, ते वेगळं. आणि हा चाइल्डवाला नियम २०१९ मध्ये काढून टाकला, ओळीतले ते शब्दही गेले. मावसभावाच्या लॅपटॉपवर अलीकडचा मिंट होता, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. त्याच्या स्क्रीनवर ही ओळ कधी आलीच नसेल.

डीमनचंही तसंच. मागे राहून गुपचूप काम करणाऱ्या प्रोसेसला डीमन म्हणतात. प्रिंटर सांभाळणारा एक, नेट सांभाळणारा एक. १९६० च्या दशकात एमआयटीतल्या मंडळींनी हे नाव भौतिकशास्त्रातल्या मॅक्सवेलच्या डीमनवरून घेतलं, आणि तो डीमन डब्यात बसून रेणूंची निवड करणारा एक काल्पनिक प्राणी आहे. बारावी सायन्सवाल्यांनी नाव ऐकलं असेल. फॉरवर्डवाल्यानं डीमन, बळी आणि 'काली' नावाचं एक लिनक्स या तिन्हींचं भरीत करून टाकलं. भरीत आम्हाला शिकवू नये कोणी.

मग पोरगा रात्री एकला काळ्या स्क्रीनवर करत काय होता? मी त्याला विचारलं, जे मावशीलाही विचारता आलं असतं. त्यानं अपडेट मारला होता, नवा कर्नल आला आणि वाय-फाय गेलं. त्याच्या लॅपटॉपच्या रिअलटेक वाय-फाय चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, वेगळा टाकलेला होता. तो प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो आणि बांधायला त्या कर्नलशी जुळवून देणाऱ्या हेडर फाइल लागतात. त्या नव्हत्या. हेडर उतरवायला नेट हवं आणि नेट येत नाही म्हणून तर हेडर हवेत. शेवटी मोबाइलला वायर लावून मोबाइलचं नेट लॅपटॉपला दिलं, हेडर उतरवले, ड्रायव्हर परत बांधला. दोन तास गेले. मावशी पाणी प्यायला उठली तेव्हा स्क्रीनवर 'एरर', 'बॅड रिटर्न स्टेटस' असलं काहीबाही सरकत होतं आणि तो मित्राला फोनवर सांगत होता, "नव्या कर्नलचा प्रॉब्लेम आहे, जुन्या कर्नलनं बूट कर." मावशीला वाटलं, मिलिट्रीचं काहीतरी प्रकरण आहे.

ज्या पोरानं ती रात्र काढली तो हॅकर नाही, वायरमन आहे.

हॅकरच्या मुद्द्याला मात्र एक बाप आहे आणि तो मला सापडला. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटनच्या वेस्ट मिडलँड्स भागातल्या पोलिसांच्या एका पथकानं पालकांसाठी पोस्टर काढलं होतं. मुलाच्या कॉम्प्युटरवर टॉर, व्हर्च्युअल मशीन, काली लिनक्स, मेटास्प्लॉइट, डिस्कॉर्ड असलं कुठलं सॉफ्टवेअर दिसलं तर आम्हाला कळवा, असं त्यावर होतं. लोकांनी भरपूर खिल्ली उडवली. पोस्टरवर ज्यांचा लोगो होता त्या नॅशनल क्राइम एजन्सीनं हात झटकले. हे काढण्यात आमचा सहभाग नाही, आणि ही साधनं कायदेशीर कामांसाठीही वापरली जातात, असं त्यांनी जाहीर सांगितलं. आपला फॉरवर्ड म्हणजे त्याच पोस्टरची मिरची-मसाला लावलेली आवृत्ती दिसते. फरक एवढाच की मूळ पोस्टरमध्येही फॉरमॅट मारा आणि गुन्हा दाखल होईल असलं काही नव्हतं. तिथं होतं, आम्हाला सांगा म्हणजे आम्ही मुलाला चांगल्या वाटेला लावायला मदत करू.

काली लिनक्स सुरक्षा तपासणाऱ्यांसाठी बनलेलं आहे, हे खरं. त्यातल्या साधनांनी वाकडं कामही करता येतं, हेही खरं. तसं ते पान्यानंही करता येतं. पोरानं शेजाऱ्याचं वाय-फाय फोडलं असेल तर कान धरा, माझी हरकत नाही. पण मावसभावाकडे काली नव्हतंच, मिंट होतं.

फुकट म्हणजे चोर? मावशी, ज्या फोनवर तुला हा फॉरवर्ड आला तो अँड्रॉइड आहे, आणि अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचाच कर्नल आहे. १९९१ मध्ये लिनस टॉर्वाल्ड्स नावाच्या हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं तो लिहायला घेतला आणि जाहीर करताना म्हणाला की हा नुसता छंद आहे. जगातल्या सगळ्यात वेगवान ५०० कॉम्प्युटरांच्या यादीत २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. बंदीचं तर विचारूच नका. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनं, म्हणजे सरकारच्याच संस्थेनं, 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्स बनवलंय आणि केरळच्या सरकारी शाळांतली पोरं लिनक्सवरच शिकतात. बंदी घालणारं सरकार कुठलं, तेवढं सांगा.

आमच्या लिनक्सवाल्यांच्या फुशारक्याही काही कमी नाहीत, म्हणून सांगतो. 'लिनक्सला काही होत नाही' हे खोटं आहे. मार्च २०२४ मध्ये लिनक्समधल्या 'एक्सझेड' नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या एका साध्या पॅकेजात कोणीतरी चोरदरवाजा बसवल्याचं उघड झालं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या प्रोग्रामरनं खोदून पाहिलं, तेव्हा तो सापडला. सापडला, कारण कोड उघडा होता आणि बघणारा चिकट होता.

शेतकऱ्याच्या पोरांना हे उद्योग कशाला, हा प्रश्न अमळनेरच्या ग्रुपवर फिरावा याची मला गंमत वाटते. विप्रो १९४५ मध्ये याच अमळनेरात वनस्पती तुपाची गिरणी म्हणून सुरू झाली. पुढे.

जपानी कार्टून. मावशीला फोनवर विचारलं, तू शाळेत असताना रविवारी दूरदर्शनवर काय बघायचीस? "मोगली," ती लगेच म्हणाली, "आणि तो शेरखान, नाना पाटेकरचा आवाज होता त्याला." ती मालिका जपानी आहे, मावशी. निप्पॉन ॲनिमेशननं १९८९ मध्ये काढलेली. ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टूनच. पलीकडे शांतता. मग म्हटलं, युगो साको नावाच्या जपानी माणसानं आपल्या राम मोहन यांना सोबत घेऊन रामायणावर अख्खा ॲनिमे चित्रपट केला, हिंदीत रामाला आवाज अरुण गोविलांचा, आणि २०२५ च्या जानेवारीत तो आपल्याकडच्या थिएटरात पुन्हा लागला होता. संस्कृती बुडवायला आले होते म्हणे.

६८५ चा आकडा खरा आहे, मेली हे खोटं. १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला बारा वेळा लुकलुकला, काही सेकंदच. त्यानं कोणाला चक्कर आली, कोणाला फिट आली आणि ६८५ मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. मृत्यू एकही नाही. तो भाग पुन्हा कधी दाखवला नाही आणि लुकलुकत्या प्रकाशाचे नियम जपानी टीव्हीनं कडक केले. ज्या मुलाला फिटचा त्रास आहे त्याच्या बाबतीत डॉक्टरांना विचारा, मग कार्टून जपानी असो की लग्नातला डीजेचा लाइट असो. आणि हो, ॲनिमे म्हटलं म्हणजे लहान मुलांचंच असं नाही. त्यात मारकाट आणि मोठ्यांचं बरंच काही असतं, तेव्हा आठ वर्षांच्या पोराच्या हाती रिमोट देताना बघून द्या. मावसभाऊ एकोणीसचा आहे.

आता फॉरमॅट.

मंगळवारी दुपारी पोरगा कॉलेजात असताना मावशी लॅपटॉप पिशवीत घालून स्टँडजवळच्या एका दुकानात गेली. दुकानदारानं पाचशे रुपये घेतले, पेनड्राइव्ह लावला आणि विंडोज टाकलं. डिस्कचे दोन भाग होते, एकात मिंट, दुसऱ्यात पोराच्या फाइली. दुसरा भाग लिनक्सच्या पद्धतीचा, ईएक्सटी४. विंडोजला तो वाचता येत नाही. पण विंडोज 'मला वाचता येत नाही' म्हणत नाही, 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल' म्हणतं. दुकानदारानं हो म्हटलं. तीन वर्षांच्या डिप्लोमाच्या नोट्स, प्रोजेक्टचा रिपोर्ट, सगळं एका क्लिकवर. शिवाय टाकलेलं विंडोज चोरीचं. ते चालू करायला कुठलासा 'ॲक्टिव्हेटर' चालवलेला, आणि तो चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद करून ठेवलेला. हॅकरच्या भीतीनं घरातून निघालेला लॅपटॉप हॅकरला दार उघडून घरी परत आला.

पोलिसांची जी भीती घातलीय तिच्याबद्दल एवढंच, की १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर खात्यातून पैसे गेले तर लगेच लावायचा असतो. काळ्या स्क्रीनसाठी नाही.

मावसभावाला सांगितलं, लॅपटॉप बंद कर आणि हात लावू नको, कारण त्यावर जे काही नवीन लिहिलं जाईल ते जुन्यावर बसेल. रविवारी सुरत लाइनच्या गाडीनं अमळनेरला गेलो. नशीब म्हणून आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क होती. नव्या पद्धतीची, न फिरणारी एसएसडी असती तर फॉरमॅटबरोबर बहुतेक सगळंच पुसलं गेलं असतं. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, बाहेरची डिस्क जोडली आणि पुसलेल्या फाइली शोधणारं फोटोरेक चालवलं. हे सॉफ्टवेअर नावावरून नाही, आतल्या खुणेवरून फाइल ओळखतं. त्यामुळे फाइल मिळते पण नाव मिळत नाही. सगळ्यांना 'एफ'नं सुरू होणारे लांबलचक नंबर, पाचशे-पाचशेच्या फोल्डरात कोंबलेले. संध्याकाळपर्यंत असे एकेचाळीस फोल्डर झाले.

मावशी चष्मा लावून शेजारी बसली आणि एकेक उघडून बघायला लागली. "हाई नही, पुढलं दखाड." चौदाव्या फोल्डरमध्ये एक पीडीएफ उघडलं आणि ती थांबली. तिच्याच वावराचा सातबारा, गेल्या वर्षी पीकविम्यासाठी पोराकडून काढून घेतलेला. आपले कागदही त्याच डिस्कवर होते हे तिला तेव्हा कळलं.

प्रोजेक्टचं तिसरं प्रकरण अजून सापडलेलं नाही. सत्तावीस फोल्डर बघायचे बाकी आहेत.