विकतचं ऊन

मराठवाड्यात ऊन घरपोच मिळतं. मार्च लागला की ते पत्र्यातून, भिंतीतून, खिडकीच्या फटीतून आत येतं आणि मे महिन्यात परभणी-नांदेडचा पारा ४२च्या वर गेला तरी कुणी दचकत नाही. अशा मुलखात ८-१० ग्रॅम ऊन डबीत भरून विकत घ्यायचं, म्हणजे जालनेकरानं मोसंबी बाहेरून मागवण्यासारखंच. तरी पावडर ब्रॉन्झर इथंही खपतो. उन्हातून फिरून आल्यावर गाल जसे रापतात तसे ते सावलीत बसून ब्रशनं रापवायचे, एवढंच त्याचं काम. गव्हाळ चेहऱ्यावर तो बहुतेक वेळा निमूट बसतो. जीव खातो तो गोऱ्यांचा.

आणि गोरेपणाचं आपल्याकडं इतकं कौतुक, की गोरीला काही अडचण असते हे कुणाला पटतच नाही. "एवढी गोरीपान, तुला काय कमी?" कमी काही नाही हो मावशी, गेरू जास्त होतोय.

गेरू मी उगीच म्हणत नाही. डबीमागची बारीक अक्षरातली यादी वाचा: सीआय (म्हणजे कलर इंडेक्स, रंगाचा ठरलेला क्रमांक) ७७४९१ लाल, ७७४९२ पिवळा, ७७४९९ काळा. तिन्ही आयर्न ऑक्साइड. लाल म्हणजे गेरूच्या घरचा, पिवळा पिवडीच्या घरचा. अजिंठ्याच्या भिंती रंगवणाऱ्यांनीही लाल-पिवळ्या मातीचेच रंग वापरले. डबीतला कारखान्यात बनतो, एवढाच फरक. टाल्क नाहीतर अभ्रकाच्या भुकटीत ही तीन भावंडं कमी-जास्त घातली की झाला ब्रॉन्झर. गव्हाळ कातडीत मुळातच तपकिरी-पिवळा असतो, त्यात थोडा जादा लाल खपून जातो. गोऱ्या कातडीवर तो लपायला जागाच नाही. नारिंगी होऊन वर येतो. तुळशीवृंदावनाला गेरू शोभतो, गालाला नाही.

खरी फसगत दुकानात होते. काउंटरवरचा पोरगा "ताई, हात द्या" म्हणतो आणि मनगटावर पट्टा ओढतो. आता आपल्याकडच्या स्कूटीवाल्या बाईचा विचार करा. चेहरा स्कार्फमध्ये डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला, हात मात्र उघडे. मनगट गालाच्या दोन शेड पुढं निघून गेलेलं असतं. त्या मनगटावर जो रंग "बघा, कसा मिसळला" म्हणून दाखवतात, तो गालावर भाजलेली वीट दिसतो. वर ट्यूबलाइटचा निळसर उजेड, त्यात नारिंगी दबून बसतो आणि घरी आल्यावर डोकं वर काढतो.

म्हणून पट्टा जबड्यावर ओढायचा, कानाखालून मानेकडं. चेहऱ्यावर आधी मेकअप नको, सनस्क्रीन चालेल. शेजारशेजारच्या तीन शेड, प्रत्येकी अंगठ्याएवढी रुंद, स्वच्छ कापसानं. (टेस्टरच्या डबीत गावभराची बोटं बुडालेली असतात, वरचा थर टिश्यूनं पुसून मगच घ्या.) मग दुकानाबाहेर सावलीत यायचं. भर दुपारचं ऊन नको, त्यात सगळेच रंग विरतात. संध्याकाळचं पाचचं तर अजिबात नको, त्यात म्हैससुद्धा सोनेरी दिसते. सकाळी दहा-अकराची सावली उत्तम. आणि लगेच निकाल लावायचा नाही. शेजारी चहा घ्या, २० मिनिटं जाऊ द्या. कातडीचं तेल पावडरीत मुरलं की रंग गडद होतो, आणि आपल्या हवेत ते मुरायला फार वाट पाहावी लागत नाही.

आता आरसा. ज्या पट्ट्याची कड नारिंगी, तो बाद. जो राखाडी, चूल फुंकून आल्यासारखा, तो बहुधा काँटूर. तो सावली दाखवायला असतो, ऊन दाखवायला नाही. तिसरा कुठं गेला म्हणून शोधावा लागला, तर तोच घ्या. मानेपेक्षा एक शेड गडद, फार तर दोन. डबीत तो बिस्किटाच्या चुऱ्यासारखा फिक्कट दिसतो आणि "ह्याच्यासाठी एवढे पैसे?" असं वाटतं. वाटू द्या.

डबीवरच्या नावांवर जाऊ नका. हनी, कॅरॅमल, टॉफी वाचताना मिठाईच्या दुकानात आल्यासारखं होतं, आणि 'लाइट'ला तर काही धरबंधच नाही. एकाचा लाइट तो दुसऱ्याचा मीडियम. मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या, ह्या परीक्षेवर माझा विश्वास नाही. मानेजवळ पांढराशुभ्र रुमाल धरा. कातडी गुलाबी दिसली तर बेज, लाल कमी असलेला. पिवळसर दिसली तर किंचित सोनेरी चालतो. चमकी कुणालाच नको. आपल्या घामात चमकीचा ब्रॉन्झर गालाला तूप चोळल्यासारखा दिसतो. आणि हळद लागल्यावर दोन-तीन दिवस शेड निवडायला जाऊच नका, तेव्हा कातडी खरं बोलत नाही.

बरोबर शेडसुद्धा लावताना वाया घालवता येते. फाउंडेशन ओलं असताना पावडर टेकवली की तिथंच चिकटते. मग तो डाग पुसावा तितका पसरतो. आधी बिनरंगी पावडरीचा हलका हात फिरवा. ब्रश मऊ, फुगीर आणि विरळ केसांचा. डबीसोबत येणारा कडक, बुटका ब्रश दागिन्यांच्या फटी साफ करायला ठेवा. एकदाच टेकवायचा, मनगटावर झटकायचा, कानापासून सुरू करून गालाच्या हाडावरून पुढं यायचं आणि नाकाच्या दोन बोटं अलीकडं थांबायचं. उरलेलं कपाळाच्या कडेला आणि जबड्यावर. कमी वाटलं तर दुसरा थर. जास्त झालं तर ओला टिश्यू नको, फाउंडेशनचा वापरलेला स्पंज नुसता थोपटा. कानाला विसरू नका. तांबूस गालाशेजारी पांढरेफटक कान परक्याचे वाटतात.

एवढं सगळं नीट जमलं, हे कळायची खूण एकच. घरात पाऊल टाकताच मावशी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवतात. "माय व! कुठं उन्हातानात हिंडत होतीस? तोंड बघ कसं रापलंय!" आणि तुम्ही काही बोलायच्या आत डाळीचं पीठ आणि साय वाटीत कालवायला घेतात.